पद्मिनीवर टू-के क्लिअर : सोलापुरातील एका रंगकाम गॅरेजचे परीक्षण

अपघातात चेपलेले मडगार्ड सरळ करून त्यावर रंग मारून देणारी गॅरेजे सोलापुरात पुष्कळ आहेत. जुनी गाडी पत्र्यापर्यंत उघडी करून तिच्यावर प्रायमर (अस्तराचा थर), बेसकोट (रंगाचा थर) आणि शेवटी टू-के क्लिअर (घट्ट करणारे द्रव्य, म्हणजे हार्डनर, मिसळून मारायचे पारदर्शक आवरण) असे सगळे थर चढवून देणारी मात्र शोधावी लागतात. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेल्या अशाच एका गॅरेजात माझ्या प्रीमियर पद्मिनीचे रंगकाम या हिवाळ्यात पूर्ण झाले. कामात वाखाणण्यासारखे बरेच आहे, तशा गंभीर उणिवाही आहेत, म्हणून गॅरेजचे नाव येथे घेतलेले नाही. फवारणीची गन चालवणारा हात उत्तम, हवेची व्यवस्था अपेक्षेपेक्षा चांगली, पुसायचे कापड आणि सुरक्षेची साधने निकृष्ट, आणि शेवटच्या पॉलिशमध्ये नको तेवढी घाई, असे माझे मत झाले आहे.

पद्मिनीचे सोलापूरशी नाते जुने आहे. तिची निर्माती प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये उभारणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले; फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी पुढे कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत असे. येथे महत्त्वाचे आहे ते तिचे मूळ रंगकाम. धातूची चमक नसलेले साधे रंग त्या काळी एकेरी पद्धतीने मारले जात, म्हणजे रंगद्रव्य आणि चकाकी एकाच थरात असे आणि वर निराळे पारदर्शक आवरण नसे. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या जाणकारांपैकी अनेकांना पद्मिनीवर क्लिअर मुळातच खटकतो. त्याची चकाकी खोल आणि काचेसारखी असते, आणि कारखान्यातून आलेली पद्मिनी तशी कधीच दिसत नव्हती.

गॅरेजमालकांनी हा आक्षेप स्वतःहून माझ्यापुढे ठेवला, हे त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. साध्या रंगासाठी हार्डनर घातलेला एकेरी पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला तर खर्च कमी येतो, काम लवकर होते आणि गाडी मूळ रूपाच्या जवळ राहते, असे त्यांनी सरळ सांगितले. महागडे काम गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला नाही. तरीही मी क्लिअरच निवडला. एकेरी रंगात रंगद्रव्य थेट उन्हाला सामोरे जाते आणि काही वर्षांनी वरचा पृष्ठभाग खडूसारखा भुरकट होतो; क्लिअरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि खालचा रंग त्यामुळे अधिक काळ टिकतो. शिवाय बारीक ओरखडा क्लिअरमध्येच घासून काढता येतो, रंगाला हात लावावा लागत नाही. याची दुसरी बाजूही आहे. क्लिअर बिघडला तर तो पापुद्र्यांनी सुटतो आणि फिकट पडलेल्या एकेरी रंगापेक्षा कितीतरी वाईट दिसतो. दुरुस्ती करताना ठिगळाची कड लपवणे अवघड असल्याने बहुधा संपूर्ण दरवाजा किंवा संपूर्ण बॉनेट पुन्हा मारावे लागते. माझी गाडी वर्षातले बरेच दिवस उघड्यावर उभी राहते, त्यामुळे मला पहिली बाजू जड वाटली. रंगाची छटा मूळचीच ठेवल्याने नोंदणी पुस्तकात बदल करून घेण्याचा प्रश्न आला नाही.

गॅरेजात कंपनीच्या बनावटीचा बंदिस्त बूथ नाही. पत्र्याच्या शेडमध्ये जाड प्लॅस्टिकचे पडदे लावून एक खोली केलेली आहे. एका बाजूने गाळणीतून हवा आत येते आणि समोरच्या बाजूने पंखा ती बाहेर ओढतो. काम सुरू करण्यापूर्वी जमीन ओली केली जाते. एवढ्यावर मी साशंक होतो, परंतु कॉम्प्रेसर आणि हवेची नळी पाहिल्यावर शंका बरीचशी फिटली. कॉम्प्रेसर थ्री-फेजवर चालणारा, मोठ्या टाकीचा आणि शेडच्या बाहेर सावलीत ठेवलेला आहे. तेथून येणारी लोखंडी पाइपलाइन उताराने बसवलेली असून तिच्या खालच्या टोकाला पाणी सोडण्याची तोटी आहे आणि गनच्या आधी पाणी व तेल अडवणारे दोन गाळक लावलेले आहेत. कॉम्प्रेसरमध्ये दाबलेली हवा तापते आणि पुढे थंड होताना तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. ते पाणी टाकीत आणि नळीत सुटले तर ठीक, गनमध्ये सुटले तर क्लिअरमध्ये फोड उमटतात. जानेवारीच्या कोरड्या हवेत हा धोका कमी असतो, पण दर सकाळी टाकीचे पाणी सोडण्याचा नेम तेथे त्या दिवसांतही पाळला जात होता.

गन एचव्हीएलपी प्रकारची, वर कप असलेली आणि १.३ मिलिमीटर नोझलची होती. या प्रकारच्या गनला हवेचा दाब कमी पण हवेचे प्रमाण भरपूर लागते. तोंडाशी दाब १० पीएसआयच्या आत राहावा अशी तिची व्याख्याच आहे, आणि गनच्या मुठीशी कंपनीने सांगितलेला दाब, बहुतेक गनांत २ बारच्या आसपास, सलग टिकावा लागतो. पंक्चरच्या दुकानातल्या छोट्या कॉम्प्रेसरवर ही गन लावली तर छत अर्ध्यावर असतानाच दाब पडतो, थेंब जाड होतात आणि पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड उठते. घरी अंगणात क्लिअर मारून पाहण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी गनच्या किमतीआधी कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा हिशेब करावा.

या गॅरेजाची सर्वांत जमेची बाजू मला हार्डनरच्या निवडीत दिसली. टू-के क्लिअरमध्ये एका डब्यात अॅक्रिलिक रेझिन आणि दुसऱ्यात आयसोसायनेटचा हार्डनर असतो. दोन्ही एकत्र आल्यावर त्यांच्यात रासायनिक बंध तयार होतात आणि थर कायमचा कडक होतो. साध्या लॅकरप्रमाणे केवळ थिनर उडून तो वाळत नाही, आणि म्हणूनच एकदा पक्का झालेला क्लिअर सांडलेल्या पेट्रोललाही दाद देत नाही. ही क्रिया उष्णतेवर अवलंबून असल्याने कंपन्या जलद, मध्यम आणि संथ असे वेगवेगळे हार्डनर देतात. साधारण २० अंशांखाली जलद, २० ते ३० अंशांत मध्यम आणि त्यापुढे संथ असा ठोकताळा आहे. नेमके आकडे त्या त्या क्लिअरच्या माहितीपत्रकात असतात. दुकानात मात्र बहुधा जो डबा शिल्लक असेल तोच पुढे केला जातो आणि ग्राहकही विचारत नाही. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत जलद हार्डनर वापरला तर थराचा वरचा पदर आधी घट्ट होतो, आतले थिनर अडकते आणि नंतर टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडून बाहेर पडते. ही भोके घासून जात नाहीत, कारण ती थराच्या आतपर्यंत गेलेली असतात.

माझ्या कामाच्या वेळी दुपारचे तापमान तिशीच्या आसपास होते, रात्री मात्र चांगलाच गारवा होता. फवारणी करणाऱ्या मेस्त्रींनी मध्यम हार्डनर निवडला आणि गाडी आदल्या संध्याकाळीच शेडमध्ये घेतली. ते मला म्हणाले, “मालक, हवा गरम झाली म्हणजे पत्रा गरम झाला असं नसतं.” ते खरेच आहे. रात्रभर गार झालेला पत्रा सकाळी लगेच रंगवला तर क्लिअर त्यावर सावकाश सुकतो आणि उभ्या भागावर ओघळतो. उन्हातून थेट आत आणलेल्या गाडीचे बॉनेट याच्या उलट वागते. त्यामुळे सकाळी पत्रा हाताला गार लागेनासा झाल्यावर आणि दुपारचा वारा सुटण्याच्या आत, अशी मधली वेळ त्यांनी धरली. पत्र्याचे तापमान मोजणारे साधे इन्फ्रारेड यंत्र त्यांच्याकडे नाही, सगळे तळहातावर चालते. एवढा अनुभवी माणूस असताना ते चालून गेले. त्यांच्या गैरहजेरीत काय होत असेल, हे मला सांगता येणार नाही.

मिश्रण दोनास एक या प्रमाणात, खुणा असलेल्या कपात, मोजून केले गेले. अंदाजाने ओतण्याची सवय या धंद्यात फार पसरलेली आहे. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो, आणि जास्त घातल्याने काम लवकर होते ही समजूतही चुकीची आहे. त्याने थर ठिसूळ होण्याची भीती असते. एका वेळी लागेल तेवढेच मिश्रण करून पुढचे नंतर कालवायचे, हा त्यांचा नेमही योग्य होता, कारण कालवलेले मिश्रण डब्यात पडून राहिले तरी आतल्या आत घट्ट होऊ लागते. बेसकोट आदल्याच दिवशी मारलेला होता. बहुतेक बेसकोटांवर २४ तासांच्या आत क्लिअर चढवावा लागतो, उशीर झाला तर बेसला हलका घासपेपर लावून पुन्हा एक हात द्यावा लागतो. ही मुदत पाळली गेली.

प्रत्यक्ष फवारणी पाहण्यासारखी होती. आधी दरवाजांच्या कडा आणि चौकटी, मग छत, त्यानंतर एक बाजू, डिकी, दुसरी बाजू आणि सर्वांत शेवटी बॉनेट असा क्रम त्यांनी ठेवला. सर्वांत आधी नजरेत भरणारे बॉनेट शेवटी घेतल्यामुळे इतर भागांवरून उडालेली कोरडी धूळ त्याच्या ओल्या थरावर बसत नाही. गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि कायम काटकोनात होती. मनगट न वळवता ते सगळे अंग घेऊन चालत होते, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून अधिक चढत होता. पट्ट्याच्या टोकाला ट्रिगर सुटत असे, त्यामुळे कडेला थर साचत नव्हता. पद्मिनीचे अंग या कामाला सोपे नाही. छताच्या कडेची पन्हाळ, मागच्या मडगार्डांवरची लहान कल्लेदार टोके, हेडलाइटभोवतीचा गोल उंचवटा आणि क्रोमच्या पट्ट्यांसाठी पाडलेली भोके या प्रत्येक ठिकाणी गन क्षणभर जास्त रेंगाळली की ओघळ आलाच म्हणून समजावे.

पहिला हात मध्यम दिला गेला. त्यानंतर मास्किंग टेपवर पडलेल्या क्लिअरला बोट लावून पाहायचे. तार सुटत असेल तर थांबायचे, केवळ ठसा उमटत असेल तर पुढचा हात द्यायचा, ही त्यांची पारख. साधारण १० ते १५ मिनिटांच्या या थांब्यात बाहेर दोन ग्राहक ताटकळत उभे होते, तरी त्यांनी घाई केली नाही. दुसरा हात पूर्ण ओला होता, आणि तो देताना त्यांची नजर गनवर नसून ओल्या थरात उमटणाऱ्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर होती. प्रतिबिंबाची कड तुटक दिसली की थर कोरडा पडतो आहे आणि हलू लागली की तो ओघळणार, हे त्यावरून कळते. छत आणि बॉनेट यांवर मी सांगितल्याप्रमाणे आणखी एक हात दिला गेला, कारण उन्हाचा मारा तेथेच सर्वाधिक असतो. मागच्या डाव्या कल्ल्याखाली एक ओघळ आला. तो ओला असताना पुसण्याचा मोह त्यांनी टाळला, तसाच पक्का होऊ दिला आणि नंतर सपाट ठोकळ्यावर पेपर लावून उतरवला. आता जागा दाखवूनही तो सापडत नाही.

आता तक्रारी. पहिली कापडाची. हा सगळा भाग यंत्रमागांचा आणि टॉवेल कारखान्यांचा, त्यामुळे टॉवेलचे कापीव तुकडे गॅरेजांना स्वस्तात मिळतात आणि बेसकोट पुसायला तेच वापरले जातात. टेरी कापडाचे तंतू सुटतात. क्लिअरखाली अडकलेला पांढरा तंतू गडद रंगावर पांढऱ्या केसासारखा उठून दिसतो आणि तो काढायचा तर क्लिअर फोडावा लागतो. माझ्या गाडीच्या डिकीवर आणि उजव्या मागच्या दरवाजावर असे तंतू आहेत. या कामासाठी मिळणारे चिकट कापड महाग नसते, आणि एवढी चांगली गन चालवणाऱ्या माणसाच्या हाती टॉवेलची चिंधी असावी हे मला शेवटपर्यंत समजले नाही. डॅशबोर्डला आणि टायरला चकाकी आणणारे स्प्रे मात्र शेडच्या आसपास आणू दिले जात नाहीत. त्यांतल्या सिलिकोनमुळे क्लिअर जागोजागी फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात; ती शिस्त येथे कडक आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आयसोसायनेटची वाफ आणि फवारा श्वासावाटे वारंवार शरीरात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते. हवेतले त्याचे धोकादायक प्रमाण वासावरून ओळखता येत नाही, म्हणून “वास येत नाही, म्हणजे मास्क चालतोय” हा समज फसवा आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हा खरा उपाय. तो नसेल तर निदान चांगला घट्ट बसणारा कार्ट्रिज मास्क (बदलता येणाऱ्या गाळणीचा), वेळेवर बदललेल्या कार्ट्रिजसह, असलाच पाहिजे. येथे मेस्त्रींकडे कार्ट्रिज मास्क होता, पण त्याची कार्ट्रिज कधी बदलली होती हे कोणालाच आठवत नव्हते. नळी धरून आत उभ्या राहणाऱ्या मुलाच्या तोंडाला तर नुसता रुमाल होता. मी नवी कार्ट्रिज आणून दिली, ती लावली गेली. मुलासाठी मास्क घ्या असे सांगितले तेव्हा मालकांनी मान डोलावली; गाडी घ्यायला गेलो तेव्हाही त्या मुलाच्या गळ्यात रुमालच होता. गाडी कितीही सुंदर झाली तरी या एका बाबीसाठी मी गॅरेजाचे गुण निम्म्याने कमी करीन.

क्लिअरनंतर गाडीला आपोआप विश्रांती मिळाली, कारण सोलापुरात जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गॅरेज बंद होते. ही सुट्टी पथ्यावर पडली. ६० अंशांवर भाजण्याची सोय असलेल्या बूथमध्ये क्लिअर अर्ध्या तासात हाताळण्याजोगा होतो. उघड्या शेडमध्ये धूळ न चिकटण्याइतका तो लवकर सुकला तरी आतून पक्का व्हायला कित्येक दिवस घेतो. अर्धवट पक्क्या थरावर घासकाम केले तर चकाकी आधी छान दिसते, नंतर थर आक्रसतो आणि पेपरचे ओरखडे पुन्हा वर येतात.

यात्रा संपल्यावर मात्र खोळंबलेल्या गाड्यांची रांग लागली आणि माझ्या गाडीच्या पॉलिशचे काम मेस्त्रींऐवजी दुसऱ्या कारागिराकडे गेले. १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पाणीपेपराने घासून मग लोकरी पॅडवर कंपाउंड (चकाकी आणणारा लेप), ही पद्धत बरोबर होती. दोन-तीन हातांच्या क्लिअरची वाळलेली जाडी साधारण ५० ते ८० मायक्रॉन असते, म्हणजे सगळे घासकाम माणसाच्या केसाएवढ्या जाडीत उरकायचे असते, आणि कडेवर ही जाडी आणखी कमी असते. जाणता कारागीर म्हणूनच कडांना आधी टेप लावतो आणि त्या शेवटी हाताने घासतो. येथे टेप न लावता मशीन फिरवले गेले आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर क्लिअर पार जाऊन बेसकोट उघडा पडला. “वरून थोडं मारून देतो” हा प्रस्ताव मी नाकारला, कारण नव्या क्लिअरची कड काही महिन्यांत तेथे रेषेसारखी दिसू लागली असती. बऱ्याच वादानंतर मालकांनी संपूर्ण बॉनेट पेपर मारून पुन्हा फवारून दिले, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. उन्हात तिरके पाहिले की दरवाजांवर मशीनच्या गोल खुणा अजून दिसतात. त्या फोमच्या मऊ पॅडने निघतील. नव्या क्लिअरवर महिनाभर तरी मेण लावू नये, हे मला गॅरेजात कोणी सांगितले नाही. ते सांगायला हवे होते.

खर्चाबाबत तक्रार नाही. पद्मिनी चार मीटरपेक्षा थोडी कमी लांबीची. तिच्या बाहेरच्या अंगाला दोन हात द्यायला साधारण दोन लिटर क्लिअर आणि एक लिटर हार्डनर लागतो, कारण फवाऱ्यातला बराच भाग हवेत उडून जातो. बिलात लावलेले साहित्य या हिशेबाशी जुळले आणि सीलबंद डबे माझ्यासमोर फोडले गेले. मजुरी शहरातल्या साध्या डेंटिंग-पेंटिंगपेक्षा बरीच जास्त आहे, पण पुट्टी आणि सर्फेसरला (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणाऱ्या थरांना) दिलेला वेळ पाहता मला ती वाजवी वाटली.

मी या गॅरेजात पुन्हा काम देईन, ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात, फवारणी मेस्त्री स्वतः करणार आणि पॉलिशही तेच करणार हे आधी लिहून घेऊन. चिकट कापड आणि दोन मास्क मी सोबत नेईन. केवळ दरवाजाचा ओरखडा घालवायचा असेल त्यांनी एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. संपूर्ण गाडी देणाऱ्यांनी निघताना छटेचा फॉर्म्युला आणि उरलेला बेसकोट घट्ट झाकणाच्या डब्यात मागून घ्यावा; मला तो मागितल्याबरोबर मिळाला, आणि झाकणावर मेस्त्रींनी तारीखही घातली आहे.